गेणबानं पारखलेली सायकल

अंथुर्ण्याच्या गेणबाला सोबत नेल्याशिवाय त्या भागात कुणी बैल घेत नसे. कन्हेरीचा बागायतदार असो नाहीतर इंदापूरकडचा कोरडवाहू गडी, बाजाराच्या आदल्या दिवशी तो गेणबाच्या ओट्यावर येऊन बसायचा, चहा प्यायचा आणि म्हणायचा, "तात्या, उद्या जरा येताय न्हवं?" गेणबा लगेच हो म्हणत नसे. तंबाखू मळायचा, पटका सारखा करायचा, आभाळाकडं बघायचा. जसा काही बैल तिकडंच बांधलाय. मग म्हणायचा, "बघू." या 'बघू'चा अर्थ हो, हे सगळ्यांना पाठ झालं होतं.

घर धनगराचं. बापाच्या वेळी मेंढरं होती, ती कोंडायला मोठा वाडगा होता. पुढं पाटाच्या पाण्यानं माळ फुटला, जिथं तिथं ऊस उभा राहिला आणि मेंढरं चारायला जागाच उरली नाही. गेणबानं मेंढरं विकली, थोडी जमीन केली. पण जनावराकडं बघायची नजर काही विकता येत नाही, ती राहिली. त्या नजरेवर त्यानं बाजारात नाव कमावलं. तो बैलाचे दात बघायचा, खूर उचलून बघायचा, खांद्यावर रेटा देऊन बघायचा, शेपूट पिळायचा आणि जनावर किती वेळात स्थिर उभं राहतं ते डोळे मिटून ऐकायचा. मग उपरण्याखाली विकणाऱ्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव ठरवायचा. बाहेरच्याला कळायचं नाही आत काय चाललंय.

त्याचे काही नेम होते. विकणारा जे जनावर कौतुकानं पुढं करतो, त्यात हमखास खोट असते. उभ्या जागी जे हलतं, ते कामाला टिकत नाही. आणि सगळ्यात मोठा नेम म्हणजे एकदा सौदा झाला की जनावर माघारी न्यायचं नाही. त्यात घेणाऱ्याचं एक वेळ पैशावर निभावतं, पण पारख करणाऱ्याचं तोंड काळं होतं. गेणबानं घेऊन दिलेलं जनावर माघारी गेल्याचं कुणाला आठवत नव्हतं. आता तो कधीच फसला नसेल काय? फसला असेल की. माणूसच तो. पण फसल्याचं त्यानं कुणाला कळू दिलं नव्हतं, आणि बाजारात तेवढं पुरतं.

गावात मान होता, घरात सारजा होती. सारजा म्हणजे त्याची बायको. नवीन जनावर दारात आलं की तिनं पाणी ओवाळायचं, भाकरीचा तुकडा द्यायचा आणि चार माणसांत म्हणायचं, "झ्याक हाय." जनावर कसंही असो. एकदा एक मारका बैल आला, त्यानं ओवाळतानाच तिला ढुशी दिली. ती पडली, उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "झ्याक हाय, अंगात रग हाय." आत जाऊन मग हळद लावली. असं तिचं सगळं आयुष्य गेलं.

त्या उन्हाळ्यात, नव्वदच्या पुढची सात-आठ वर्षं झाली असतील, सारजा गोठ्यात शेण काढता काढता बसली ती उठेना. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला, डावा पाय फरफटायला लागला. अंगावरून वारं गेलं. थोरला मुलगा मल्हार बारामतीला कंपनीत कामाला होता. त्यानं जीप केली आणि आईला बारामतीच्या दवाखान्यात घातलं. जीव वाचला. तोंडही पुष्कळसं सरळ झालं. हात काही हलेना, पण पायाची बोटं हलायला लागली. दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक बाई होती, चष्मेवाली, बोलायला गोड पण कामाला कडक. तिनं सारजाच्या तळव्यावर पेनचं टोक ओढलं, पाय मागं ओढला गेला तसा बाईचा चेहरा फुलला.

"आजी, हा पाय जिवंत आहे," बाई म्हणाली. "तुम्ही काठी घेऊन चालाल. पण रोज हलवला पाहिजे. पडू दिला तर स्नायू आखडेल, गुडघा वाकडाच बसेल, मग देव आला तरी सरळ व्हायचा नाही."

सारजानं विचारलं, "परसाकडं एकटी जाईन का मी?"

बाई हसली. पण सारजा हसली नव्हती. तिला चारीधाम नको होतं, शेतात जायचं नव्हतं. सकाळी अंधारात परसाकडं जाताना सुनेच्या खांद्यावर लोंबकळायला लागू नये, सुनेनं तोंड फिरवून उभं राहायला लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं. हे ती नवऱ्याला कधी बोलली नाही. बाईला बोलली, कारण बाई परकी होती.

रोज अंथुर्ण्याहून बारामतीला आणणं कुणाला जमणार? बाईनं तोड काढली. घरी एक व्यायामाची सायकल घ्या, म्हणाली. जागेवरची, चाकं नसलेली. पण साधी नको. जिचे हाताचे दांडे पायट्यांना, म्हणजे पेडलना, जोडलेले असतात ती घ्या. हातानं दांडा मागंपुढं केला की पायटा आपोआप फिरतो. आजींचा उजवा हात चांगला आहे, तो डाव्या पायाला फिरवेल. "वजनाला हलकी असली तरी चालेल," बाईनं मल्हारला दोनदा सांगितलं, "फिरायला हलकी पाहिजे. आणि दांडे हलणारेच पाहिजेत."

मल्हारला कळलं. गेणबाही तिथंच उभा होता, त्यानंही ऐकलं. पण आयुष्यभर ज्याचा सल्ला लोकांनी घेतला, त्याच्या कानात दुसऱ्याचा सल्ला लवकर शिरत नाही. त्याला एवढंच कळलं की एक वस्तू घ्यायची आहे, आणि घ्यायची म्हणजे पारखून घ्यायची.

बारामतीत खेळाचं सामान विकणारं एक दुकान होतं. क्रिकेटच्या बॅटी, कॅरम, शाळेच्या ढाली, आणि मागच्या बाजूला व्यायामाची चार यंत्रं. दुकानदार तरुण पोरगा, भला होता. त्यानं पाणी दिलं, दुखणं विचारलं, मग एका परदेशी चोपडीतलं चित्र दाखवलं. त्यात एक गोरी बाई दोन फळ्यांवर उभी राहून पाय मारत होती. "हे आता नवीन निघालंय. उभ्यानं चालल्यासारखं, पाय लांबट गोल फिरतात, हातही चालतात. पण आपल्याकडं येत नाही अजून, आणि आलं तरी परवडायचं नाही. आजींना उभंही राहता येणार नाही. त्यांना ही घ्या." असं म्हणून त्यानं हलणाऱ्या दांड्यांची एक सायकल पुढं ओढली. पांढरी, पातळ नळ्यांची, बैठक रुंद, पायट्याला पाय बांधायला पट्टा.

त्यानं ती पुढं ओढली, तिथंच घोडं अडलं. दुकानदार जे पुढं करतो त्यात खोट, हा गेणबाचा जन्माचा नेम.

गेणबानं सायकलीभोवती एक फेरी मारली. खाली वाकून पाय बघितले. दांडा धरून हलवला, तो सहज हलला. बैठकीला खांद्यानं रेटा दिला, सायकल डुलली. पायटा फिरवला, आतून चुईचुई आवाज आला. गेणबानं मल्हारकडं बघून नाक मुरडलं.

"उभ्या जागी हलतंय," तो म्हणाला. "बांधाच न्हाय त्याला."

"आबा, ते हलायलाच पायजे," मल्हार म्हणाला. "बाईनं काय सांगितलं?"

"बाई दवाखान्यातली हाय. बाजारातली न्हाय."

मागं कोपऱ्यात एक दुसरी सायकल होती. काळी, ओतीव लोखंडाचं जाडजूड चाक, चाकावर कातडी पट्टा आवळलेला, दांडे पक्के जोडलेले. पैलवानी करणारी पोरं दम वाढवायला घेतात तसली. गेणबानं तिला लाथ मारली, ती तसूभर सरकली नाही. खांद्यानं रेटली, हलली नाही. चाकावर हात फिरवला तेव्हा त्याच्या तोंडावर जे समाधान आलं, ते चांगला खिलार बैल बघितल्यावर यायचं तेच. आणि नवल म्हणजे ही सायकल पांढरीपेक्षा स्वस्त होती. एवढं लोखंड, आणि भाव कमी. गेणबानं मनात म्हटलं, पोराला स्वतःच्या मालाची किंमत कळत नाही.

"आजोबा, ती आजींना झेपणार नाही," दुकानदार म्हणाला. "चाक जड आहे, दांडे हलत नाहीत. त्यांच्या डाव्या पायाला फिरवणार कोण?"

दुकानदार जेवढा नको म्हणे, तेवढी गेणबाची खात्री होत गेली. बाजारात हेच असतं. चांगला माल विकणारा मागं ठेवतो आणि डोळा चुकवतो. त्यानं उपरणं काढलं, दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि खालून त्याची बोटं धरली. दुकानदार बावचळला. म्हाताऱ्याला चक्कर आली असं वाटून त्यानं दुसऱ्या हातानं त्याला सावरलं. मल्हारनं मान खाली घातली. बोटांची भाषा त्या पोराला येत नव्हती, म्हणून मग गेणबा तोंडानं बोलला आणि होत्या भावातनंही थोडं उतरवून घेतलं.

निघताना दुकानदार म्हणाला, "आजोबा, पटली नाही तर घेऊन या. बदलून देईन. त्यात काही कमीपणा नाही."

त्या बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण गेणबाला ते झोंबलं. "माघारी आणायला मी काय पोर हाय का?" तो म्हणाला, आणि टेंपोत जाऊन बसला.

सायकल दारात उतरवली तेव्हा निम्मी आळी गोळा झाली. सायकलीला भंडारा लावला, नारळ फोडला. सर्जेराव मुद्दाम आला. सर्जेराव गावातला मोठा ऊसवाला, कारखान्याचा सभासद; त्याच्या गोठ्यातला एक एक बैल गेणबानं निवडलेला. त्यानं सायकलीवर थाप मारली आणि म्हणाला, "लोखंड हाय, तात्या. पिढ्यान्‌पिढ्या जायची न्हाय." लोकांनी माना डोलावल्या. पिढ्यान्‌पिढ्या कुणाला वारं जाणार होतं ते काही कुणी विचारलं नाही.

मग सारजाला उचलून सायकलीवर बसवलं. डावा पाय पायट्यावर ठेवला, तो घसरला. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. सुनेनं जुन्या लुगड्याच्या पट्टीनं तो बांधला. सारजानं उजव्या पायानं जोर लावला. चाक जरा हललं आणि थांबलं. डावा पाय वर आला तिथं गुडघ्यात कळ आली, तिचे डोळे भरले. चांगला हात दांड्यावर होता, पण दांडा हलत नव्हता. हाताचा काही उपयोग नव्हता. सगळी माणसं बघत होती. गेणबा कमरेवर हात ठेवून उभा होता.

सारजानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "झ्याक हाय."

खरं तर तिला त्याच घटकेला सगळं कळलं होतं. हात आणि पाय एकमेकांना जोडलेले पाहिजेत, हे बाईनं तिच्यासमोरच सांगितलं होतं, आणि ती काही बहिरी नव्हती. पण दारात सर्जेराव उभा, निम्मी आळी उभी. त्यांच्यासमोर ती काय म्हणणार होती? आपलेच दात, आपलेच ओठ.

दवाखान्यातून येताना बाईनं सुनेला हातानं पाय ताणायचा शिकवलं होतं. पहिले काही दिवस सून सकाळ-संध्याकाळ तसं करायची. एकदा गेणबानं बघितलं आणि म्हणाला, "आता यंत्र आणलंय न्हवं? मग हे कशाला? यंत्रानंच होऊ दे." सुनेला घरची कामं काय थोडी होती? तिनं सोडलं. तिला तरी दोष कसा द्यावा?

महिना-दीड महिन्यानं सुनेनंच आपल्या नवऱ्याच्या, मल्हारच्या, कानावर घातलं. आत्याबाई उजव्या पायानं दोन वेळा चाक हलवतात आणि मग नुसत्या बसून राहतात. डावा पाय खाली लोंबत असतो. आबांचा आवाज आला की तेवढ्यापुरत्या दात खाऊन जोर लावतात.

मल्हारनं रविवारी बापाला गाठलं. "आबा, सायकल बदलून आणू. दुकानदार देतोय."

"का? काय झालं?"

"आईला फिरवता येत न्हाय."

"नवं खोंड चार दिस अडतंच," गेणबा म्हणाला. "म्हणून काय त्याला माघारी नेत्यात? सवय लागली की चालतंय."

"आई म्हंजी खोंड न्हाय, आबा."

गेणबाच्या कपाळाची शीर उठली. "मला शिकवतोस? सगळ्या गावानं बघितलंय ती सायकल. उद्या टेंपोत घालून माघारी नेली तर लोक काय म्हणत्याल? गेणबा बायकोसाठी वस्तू आणायला गेला, तितंच फसला. मग उद्या बाजारात मला कोण इचारील? तुझ्या कंपनीवर चालणार हाय का घर?" मग आत वळून त्यानं हाक दिली, "सारजे, बदलायची का गं सायकल?"

आतून आवाज आला, "न्हाय. चांगली हाय. माझंच अंग जड झालंय."

"ऐकलंस?" गेणबा मल्हारला म्हणाला. आणि विषय संपला. असे विषय घरोघर याच पद्धतीनं संपतात, आणि मग ते निस्तरायला जन्म जातो.

पावसाळा गेला. दसऱ्याला सायकलीला झेंडूची माळ घातली. दिवाळी गेली. कारखान्याचं धुराडं पेटलं, उसाच्या गाड्या रस्त्यानं जायला लागल्या, बैलांना गिऱ्हाईक वाढलं आणि गेणबाला घटकेची उसंत राहिली नाही. कधी बारामती, कधी इंदापूर, कधी कुणाच्या गोठ्यात. घरी आला की विचारायचा, "बसलीस का आज?" सारजा म्हणायची, "बसले." तेवढ्यावर तो जेवायला बसायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. रस्त्यानं चाललेल्या बैलाच्या चालीवरून कुठल्या खुरात खडा आहे हे सांगणारा माणूस, पण बायको दारापर्यंत कशी येते हे त्यानं बघितलं नव्हतं. तो घरी असला की ती हलतच नसे.

संक्रांतीच्या आसपास एके दिवशी सौदा फिसकटला म्हणून तो दुपारीच घरी आला. सून विहिरीवर धुणं धुवायला गेली होती. घरात कुणी नाही असं वाटून त्यानं आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबला. सारजा जमिनीवर बसून मागच्या दाराकडं सरकत होती. उजवा हात टेकायचा, बूड उचलायचं, पुढं सरकायचं. डावा पाय गुडघ्यात वाकलेला, तसाच ओढला जात होता. लुगडं मातीनं भरलं होतं आणि ओलंही झालं होतं. तिला मागच्या दारापर्यंत पोचता आलं नव्हतं.

गेणबाला बघून तिनं आधी लुगडं सावरलं. "आज लवकर आलासा?" ती म्हणाली.

तो तिच्यापुढं उकिडवा बसला आणि तिचा डावा पाय हातात घेतला. घोट्यापासून वर हात फिरवला. टाच वर चढलेली, पाऊल खाली वळलेलं. गुडघ्यामागं हात घातला, तिथली शीर ताठ, वाळलेल्या वादीसारखी. त्यानं पाय हळूच सरळ करायला बघितला, तो होईना. सारजानं ओठ चावला. हजार जनावरांचे पाय त्यानं असे हातात घेतले होते. असं एखादं जनावर हाताला लागलं की तो काही न बोलता उठायचा आणि पुढच्या दावणीला जायचा. आज त्याला उठताच येईना. या पायाला शेवटचा हात कधी लावला होता, हेही त्याला आठवेना.

"कधीपासनं?" त्यानं विचारलं.

"दिवाळीच्या आधीपासनं," सारजा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं टेंपो सांगितला. काळी सायकल चढवली, पुढं मल्हार आणि सारजा बसली. सारजा म्हणाली, "सायकलीवर गोणपाट टाका. लोक इचारत्याल." मल्हारनं गोणपाट टाकलं. गेणबा मागं हौद्यात, सायकलीजवळ बसला. वाटेत ओळखीची माणसं हात करत होती. त्यानं एकदाही हात वर केला नाही.

दुकानदारानं सायकल ओळखली, म्हाताऱ्यालाही ओळखलं. सहा-सात महिने उलटले होते, मुदत बिदत कधीच सरली होती. पण त्यानं वाद घातला नाही. काळी ठेवून घेतली, पांढरी टेंपोत चढवून दिली. "मी म्हटलंच होतं, आजोबा," एवढंच बोलला. गेणबाला वाटलं, यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग दवाखाना. व्यायामवाल्या बाईनं सारजाला टेबलावर झोपवलं आणि पाय तपासला. पुन्हा तपासला. चष्मा काढून पुसला. तिच्या तोंडावरचा गोडवा निघून गेला होता.

"गुडघा बसलाय," ती म्हणाली. "टाचेची शीर पण आखडलीय. हा आता व्यायामानं सरळ व्हायचा नाही. ऑपरेशन करतात, पण आजींचं ब्लडप्रेशर बघता डॉक्टर हात लावणार नाहीत. मी तुम्हाला काय सांगितलं होतं? हा पाय चालणारा होता हो. इतके महिने काय केलंत? दांडे हलणारी सायकल का नाही आणलीत?"

गेणबानं तोंड उघडलं. पण त्याच्या आधी सारजाच बोलली.

"आणली होती, बाई. पहिल्याच दिशी आणली. मीच आळस केला. मी बसलेच न्हाय तिच्यावर."

"खरं का?" बाईनं गेणबाला विचारलं.

मल्हार बापाकडं बघत राहिला. गेणबा जमिनीकडं बघत राहिला. बाईला जे समजायचं ते समजलं. "आजी, स्वतःचं नुकसान केलंत तुम्ही," ती रागानं म्हणाली आणि दुसऱ्या पेशंटकडं गेली. सारजानं ते बोलणं मुकाट ऐकून घेतलं.

येताना गेणबा पुढं बसला, सारजाच्या शेजारी. मल्हार मागं हौद्यात गेला. काटेवाडी मागं पडली. टेंपोवाला आपल्या तारेत गाणं म्हणत होता.

"खोटं का बोललीस?" गेणबानं हळू विचारलं.

"मग काय सांगू?" सारजा म्हणाली. "दवाखान्यात आपल्या भागातली माणसं येत्यात. गोष्ट कानावर जायला येळ लागत न्हाय. तुमाला उद्या बाजारात उभं ऱ्हायचंय. मी काय, घरातच हाय. माझा पाय गेला तर घरात भाकरीला कमी पडत न्हाय. तुमचा शबुद गेला तर पडतंय."

"सायकल आली त्याच दिशी कळलं हुतं तुला?"

"व्हय."

"मग मी इचारलं तवा तरी सांगायचंस."

"आतल्या बाईला बाहेरनं इचारलं तुमी, पोराला गप करायला," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "तसं इचारल्यावर काय सांगत्यात?"

गेणबा पुढं रस्त्याकडं बघत बसला. उसाच्या गाड्यांची रांग लागली होती, टेंपो बैलांच्या चालीनं चालला होता. एरवी त्यानं प्रत्येक बैलाला नाव ठेवलं असतं. आज एकाही बैलाकडं त्यानं बघितलं नाही.

दारात टेंपो थांबला तेव्हा ओट्यावर सर्जेराव बसलेला होता, आणखी दोघं-तिघं सोबत. मल्हारनं आईला उचलून ओट्यावर ठेवलं. सर्जेरावचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, "तात्या, बरं झालं आलासा. आमच्या आईला परवा वारं गेलं. ही बघा तऱ्हा. डॉक्टर तसलीच सायकल घ्या म्हणतोय. तुमी यायला पायजे. तुमच्या सारजाकाकूंना आणली तशीच काळी, लोखंडी घ्यायची म्हणतो. तुमी निवडलेली म्हंजी डोळं झाकून घ्यायची."

मग त्याची नजर टेंपोतल्या पांढऱ्या सायकलीवर गेली. "ही कुणाची?"

"दुसरी घेतली," सारजा घाईनं म्हणाली. "काळी आता हितं न्हाय. ती पावण्यांकडं दिली, त्यांच्यात बी एक दुखणाईत हाय."

गेणबानं तिच्याकडं बघितलं. तिनं डोळ्यांनीच त्याला गप्प बसायला सांगितलं. ओट्यावरची माणसं त्याच्या 'बघू'ची वाट बघत होती. सर्जेरावची आई म्हणजे शकुबाई. सारजाच्या बरोबरीची, लग्नं एकाच वर्षीची. गेणबाच्या डोळ्यांपुढं तिचा पाय आला, गुडघ्यात वाकलेला.

"सर्जेराव," तो म्हणाला, "काळी घ्यायची न्हाय. मी फसलो. दुकानदार सांगत हुता, दवाखान्यातली बाई सांगत हुती, हा पोरगा सांगत हुता. मी लोखंड बघितलं. हिचा पाय माझ्या पारखीनं गेला. आज माघारी दिली ती. तुमी दांडे हलणारी घ्या आन् बाईला इचारून घ्या. मला नेऊ नका."

एक जण चपला शोधायला लागला. सर्जेराव उठला, "बरं," म्हणाला, आणि गेणबाकडं न बघता निघाला. त्याच्या मागोमाग बाकीचेही गेले. उद्याच्या बाजाराला कोण येणार, हे गेणबाला त्यांच्या पाठींवरूनच कळलं. पण का कोण जाणे, त्याला हलकं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपण खरं बोललो असं वाटून तो सारजाकडं वळला.

सारजा भिंतीला टेकून बसली होती. दवाखान्यात तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, टेंपोतही नव्हतं. आता ते खळाखळा वाहत होतं, आणि ती नवऱ्याकडं अशी बघत होती, की तसं तिनं उभ्या जन्मात बघितलं नव्हतं.

"सांगायचंच हुतं," ती म्हणाली, "तर मग माझा पाय मी कशापायी घालवला?"